चोर सोडून बॅटरीला फाशी

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. मला ती जुन्या मोटारीच्या बॅटरीकडे पाहून हटकून आठवते. घरातली जुनी गाडी सकाळी सुरू झाली नाही की घरचे, शेजारचे आणि कोपऱ्यावरचा दुकानदार असे सगळे एकमुखाने निकाल देतात, ''बॅटरी गेली!'' जुनी बॅटरी निघते, नवी बसते, गाडी सुरू होते, सगळ्यांना बरे वाटते. काही आठवड्यांनी ती नवी बॅटरीही तशीच गप्प होते. खरा गुन्हेगार तोवर बॉनेटखाली पट्ट्यावर आरामात फिरत असतो. त्याचे नाव अल्टरनेटर. जुने मेस्त्री त्याला अजूनही डायनामोच म्हणतात.

घर चालवणाऱ्या कोणालाही हे प्रकरण समजायला अवघड नाही. घरात एक कमावता हात असतो आणि एक साठवणीचा डबा असतो. गाडीत बॅटरी म्हणजे साठवणीचा डबा. इंजिनाला पहिला झटका देण्यासाठी स्टार्टरला एकदम भरपूर वीज लागते, ती या डब्यातून काढली जाते. एकदा इंजिन फिरू लागले की दिवे, वायपर, पंखा, हॉर्न आणि पेट्रोल पेटवणारी ठिणगी या सगळ्यांचा खर्च अल्टरनेटर भागवतो. शिवाय डब्यातून काढलेली रक्कम परत डब्यात टाकतो. कमावता माणूस आजारी पडला तर घर काही दिवस साठवणीवर चालते, मग डबा रिकामा होतो. अशा वेळी बाजारातून नवा डबा आणून काय उपयोग? आजारी माणसाला डॉक्टर दाखवायला हवा.

हा कमावता हात काम कसे करतो तेही थोडक्यात पाहू. सायकलचा डायनामो आपल्या पिढीने पाहिला आहे. टायरला टेकून फिरणारी ती छोटी बाटली. आत लोहचुंबक फिरतो आणि शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. मोटारीत मात्र चुंबक आपल्या ताब्यात असावा लागतो. इंजिन जोरात फिरले म्हणून वीज बेसुमार वाढता कामा नये आणि दिवे लावले म्हणून कमी पडता कामा नये. म्हणून मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये फिरणारा भाग, म्हणजे रोटर, तारेच्या वेटोळ्याचा असतो. त्यात थोडी वीज सोडली की तो चुंबक होतो. किती सोडायची ते रेग्युलेटर ठरवतो. आता फिरत्या वेटोळ्यात वीज सोडायची कशी? त्यासाठी कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. स्प्रिंगच्या जोरावर ते रोटरच्या दांड्यावरच्या दोन तांब्याच्या कड्यांवर टेकलेले असतात. कड्या फिरतात, ब्रश जागेवर राहतात आणि वीज आत जाते. बाहेरच्या स्थिर वेटोळ्यात, म्हणजे स्टेटरमध्ये, जी वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी असते. बॅटरीला एकाच दिशेची वीज चालते, म्हणून डायोड तिला एका दिशेला लावतात.

पूर्वीच्या मोटारींत डायनामो असे. गाडी मंद चालू असली की त्याची कमाई तोकडी पडे. सिलिकॉनचे डायोड लहान आणि परवडणारे झाले तेव्हा अल्टरनेटरचे दिवस आले. अमेरिकेत १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंट या मोटारीबरोबर तो नेहमीच्या प्रवासी गाडीत आला आणि पुढे सगळीकडे पसरला. ही जुनी गोष्ट सांगायला कारण आहे. यंत्र बदलले तरी डायनामोच्या काळातल्या काही सवयी मेस्त्रींच्या हातात तशाच राहिल्या आहेत. त्यांतली एक फार महागात पडणारी आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आता जे सांगणार आहे ते घडले सुरतेत. निपाणी भागातल्या आयटीआयमध्ये मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतल्या पोरांना मोटारीची वीज शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर दरवर्षी दिवाळी झाली की दोनेक महिने लेकीकडे पर्वत पाटियाला असतो. नाव ऐकून डोंगर डोळ्यांसमोर आणू नका, सगळा सपाट मुलूख आहे. पर्वत हे मूळ गावाचे नाव. आपण ज्याला फाटा म्हणतो त्याला तिकडे पाटिया म्हणतात. शेजारी मगोब, पुणागाम, गोडादरा, पलीकडे लिंबायत. कापड बाजारातली राजस्थानी मंडळी, गुजराती, लूमवर काम करणारे ओडिया आणि खानदेशातून आलेली आपली मराठी माणसे, सगळे एकाच रस्त्यावर भाजी घेतात. सुरत-भुसावळ रेल्वेने कित्येक मराठी घरे इकडे आणली. माझी लेक अशाच एका खानदेशी घरात दिली आहे. त्यामुळे तिच्या घरी अहिराणी, मराठी, गुजराती आणि माझ्याशी बोलताना चार शब्द कन्नड, असा सुखाचा गोंधळ चालू असतो. नात मला अज्जा म्हणते.

आमच्या व्याह्यांकडे २००८ सालची मारुती ८०० आहे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून निघायची थांबली, पण कित्येक घरांतून अजून निघालेली नाही. व्याह्यांनी पंधरा वर्षे भरल्यावर २०२३ मध्ये तिची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली. हौसेपोटी नव्हे. विहीणबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते आणि त्यांची पाळी पहाटेची आहे. जाताना रिक्षाही मिळते. परत येताना मात्र त्यांना बसवत नाही, मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे व्हावे लागते. हे रिक्षात जमत नाही. एवढ्यासाठी ती गाडी दारात हवी आणि पहाटे पाच वाजता पहिल्या चावीला सुरू व्हायला हवी.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर नेमके तेच होईनासे झाले. ऑगस्टमध्ये बॅटरी बदलली. ही नवी बॅटरी दिवाळीत बसली. मी पोहोचलो तेव्हा घरात जवळजवळ ठरले होते, गाडी भंगारात द्यायची. जावईबापूंचे म्हणणे चुकीचे नव्हते, ''बाबा, दोन बॅटऱ्या खाल्ल्या हिने. आईला रस्त्यात घेऊन अडकलो तर काय करायचं?'' व्याही काही बोलत नव्हते. भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. त्या कागदाकडे पाठ करून ते चहा पीत होते.

मी म्हटले, ''व्याहीबुवा, विकायची तर विका. पण आधी मोजू या. आजार कोणता ते कळल्याशिवाय पेशंटला स्मशानात कुठं नेतात?'' मल्टिमीटर आणायला नातीला पाठवले. ती बारावी सायन्सला आहे. फॅरडेचा नियम तिला सूत्रासकट पाठ, पण मीटरची टोके हातात धरायची पहिलीच वेळ. मी स्टुलावर बसलो आणि काम तिला करायला लावले. मीटर डीसीच्या वीस व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक बॅटरीच्या अधिकवर, काळे टोक उणेवर. एवढे आले की निम्मे निदान घरात होते.

हे आकडे वाचकांनी डायरीत लिहून ठेवावेत. भरलेली चांगली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बारापर्यंत उतरली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान वर चढला पाहिजे. चढला म्हणजे कमाई घरात येते आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून मरणार आहे. मुळीच चढला नाही, उलट उतरत गेला, तर घर साठवणीवर चालले आहे. मात्र हा हिशेब जुन्या, साध्या गाड्यांचा. अलीकडच्या कित्येक गाड्यांत चार्जिंग संगणक कमी-जास्त करतो. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये.

व्याह्यांच्या गाडीची बॅटरी चार्जर लावून रात्रभर भरून घेतली होती. बंद गाडीत आकडा १२.५. इंजिन चालू केले तर १२.२ आणि हळूहळू खाली. हेडलाइट लावले की ११.९. नातीने विचारले, ''अज्जा, पण चार्जिंगचा लाल दिवा तर लागलेला नाही. मग बिघाड कसा असेल?''

सगळ्या घराची फसगत नेमकी इथेच झाली होती. चावी फिरवली आणि इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाले की तो विझला पाहिजे. साध्या अल्टरनेटरमध्ये रोटरला चुंबक करण्यासाठी लागणारी पहिली चिमूटभर वीज या दिव्यातूनच आत जाते. ब्रश झिजून कड्यांपासून सुटले की तो मार्ग तुटतो आणि दिवा लागतच नाही. लोक समजतात, दिवा नाही म्हणजे सगळे ठीक. राखणदार भुंकला नाही म्हणजे चोर आला नाही, असे समजण्यासारखेच हे. राखणदारच झोपला असेल तर?

अर्थात दिव्याचा बल्बही उडालेला असू शकतो. गाडीच्या पुस्तकात पाहून अल्टरनेटरचा प्लग काढला, त्यातल्या दिव्याच्या तारेचे टोक चावी चालू ठेवून गाडीच्या अंगाला टेकवले. दिवा लखकन लागला. म्हणजे बल्ब चांगला, तार चांगली, खोट अल्टरनेटरच्या पोटात. ही युक्ती अशा साध्या गाड्यांपुरतीच. संगणकाच्या ताब्यातल्या चार्जिंगवर ती करू नये.

अल्टरनेटर काढण्यापूर्वी बाहेरच्या तीन गोष्टी तपासल्या. गाठीला पैसे असले-नसले तरी प्रत्येकाने त्या आधी तपासाव्यात, कारण बऱ्याच वेळा रोग तिथेच असतो आणि औषध फुकट असते. पहिली गोष्ट पट्टा. तो सैल किंवा गुळगुळीत चकचकीत झाला असेल तर घसरतो, गाडी सुरू करताना किंचाळतो आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. दुसरी गोष्ट बॅटरीची टोके. त्यांवर पांढरे-हिरवे पीठ साचले असेल तर आधी टोके सोडवून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावीत. हे पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नये. कोरडी करून घट्ट बसवावीत आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. तिसरी गोष्ट जाड तार आणि गाडीच्या अंगाची जोडणी. इंजिन चालू असताना मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या अधिकवर ठेवावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टइतका फरक दिसला तर कमाई वाटेतच गळते आहे. आमच्याकडे हे सगळे ठाकठीक होते.

एवढ्यात गल्लीतला एक तरुण मेस्त्री मदतीला आला. मनाने चांगला पोरगा. म्हणाला, ''काका, एवढं कशाला? इंजिन चालू ठेवतो आणि बॅटरीची तार काढतो. गाडी बंद पडली तर डायनामो गेला!'' हीच ती जुनी सवय. मी त्याचा हात धरला. डायनामोच्या काळात हे खपून जाई. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीचा आधार एकदम काढला तर क्षणभर व्होल्ट कित्येक पटींनी उसळतात. त्या एका क्षणात डायोड, रेग्युलेटर आणि पेट्रोल सोडणारा संगणक जळू शकतो. शंभर रुपयांची तपासणी दहा हजारांना पडायची! कोणी कितीही अनुभवी माणूस असे करायला निघाला तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. मीटर असताना या खेळाची गरज उरत नाही.

आता दुरुस्ती. पहिला नियम, बॅटरीची उणे बाजूची तार आधी काढायची आणि काम संपल्यावर शेवटी लावायची. अल्टरनेटरच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज उभी असते. तिथे पाना लावला आणि त्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला लागले तर ठिणग्यांची दिवाळी होते. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवायचे. ओढणी किंवा पदर खोचून घ्यायचा. नातीने कुरकुर न करता सगळे काढले.

प्लग आणि जाड तार सोडवली, पट्टा ताणणारा बोल्ट ढिला केला, पट्टा उतरवला आणि अल्टरनेटर बाहेर काढून अंगणातल्या पाटावर आणला. उघडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही अर्धुकांवर खडूने नव्हे, पत्र्यावर ओरखडा काढून एक सलग खूण केली, म्हणजे जोडताना तोंडे चुकत नाहीत. लांब बोल्ट काढून तो उघडला आणि आतून वाळलेल्या गाळाची भुकटी पाटावर सांडली. व्याही इतका वेळ लांबून पाहत होते, ते जवळ आले. ''हे खाडीचं पाणी,'' एवढेच म्हणाले.

सुरतेत तापीचा पूर सगळ्यांना ठाऊक आहे. २००६ च्या ऑगस्टमधला पूर अजून लोक विसरलेले नाहीत. पर्वत पाटिया-लिंबायत भागाला मात्र तापीइतकीच शहरातल्या खाड्यांचीही धास्ती असते. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये खाडीचे पाणी इथल्या वस्त्यांत शिरले. व्याह्यांची गाडी तेव्हा दारातच निम्म्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती आणि पाणी ओसरताच त्यांना ती त्याच पाण्यातून काढावी लागली होती. इंजिन सुरू झाले, गाडी चालली, सगळे विसरले. गाळ मात्र आत राहिला. रोज फिरताना तो कड्या आणि ब्रश यांच्यामध्ये काचकागदासारखा घासत राहिला. एक ब्रश झिजून नखाएवढा उरला होता, दुसरा आपल्या खोबणीत गाळाने अडकला होता. म्हणून तो कधी टेके, कधी टेकत नसे. गाडी कधी चालायची आणि कधी नाही, या कोड्याचे उत्तर तेवढेच होते.

राहिलेले भाग नातीने एकेक करून मोजले. दोन कड्यांमध्ये तीन-साडेतीन ओहम, म्हणजे रोटरचे वेटोळे शाबूत. कडी आणि दांडा यांच्यामध्ये काहीच जोड नाही, तेही बरोबर. स्टेटरच्या तारा आणि बाहेरचे अंग यांच्यातही जोड नाही. डायोड मीटरवर एका बाजूने वाट देत होते आणि उलट बाजूने अडवत होते, असेच हवे. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, पुढचे खरखरत होते. म्हणजे यादी दोन ओळींची निघाली, ब्रशची जोडी आणि एक बेअरिंग.

ब्रश मिळवायला जुना ब्रश नमुना म्हणून खिशात टाकून आम्ही मागच्या रस्त्यावर गेलो. तिथे लूमच्या मोटारी गुंडाळणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने न बोलता डबा उघडला, लांबी-रुंदी जुळवली आणि जोडी हातावर ठेवली. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतोच, तो दाखवला की दुकानदार बरोबर देतो. बेअरिंग काढणे-बसवणे मात्र त्या कारागिराकडूनच करून घेतले. त्याच्याकडे ओढून काढायचे हत्यार होते. घरी हातोडीने ठोकून नवे बेअरिंग बसवण्यात शहाणपण नाही. सगळा खर्च काही शे रुपयांत आटोपला. नवा अल्टरनेटर काही हजारांचा, आणि वाया गेलेल्या बॅटऱ्या त्याहून वेगळ्या.

कड्या बारीक काचकागदाने रोटर फिरवत सगळीकडून सारख्या घासल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या. गाळ ब्रशने आणि फुंकून साफ केला. नवे ब्रश सोल्डर केले. जोडताना एक गंमत असते. स्प्रिंग ब्रशला बाहेर ढकलत असते, त्यामुळे रोटर आत जातच नाही. त्यासाठी मागच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेले असते. ब्रश आत दाबून त्या भोकातून सरळ केलेली तार घालायची, ती ब्रशना अडवून धरते. सगळे जोडून झाले की तार ओढून घ्यायची, ब्रश टक् करून कड्यांवर बसतात. तो आवाज ऐकून नात हसली. सूत्र पाठ असणे आणि तो टक् कानाने ऐकणे यांत फरक आहे.

गाडीत बसवून पट्टा ताणला. अंगठ्याने दाबल्यावर थोडा लवेल इतकाच, कारण फार ताणला तर नवे बेअरिंगही लवकर जाते. उणे तार लावली. चावी फिरवताच लाल दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला. मीटरवर १४.२. हेडलाइट, वायपर, पंखा सगळे लावून १३.७. व्याह्यांनी स्वतः खाली वाकून आकडा पाहिला. ''बॅटरी निर्दोष सुटली म्हणायची,'' मी म्हटले. ते काही बोलले नाहीत, पण आत जाऊन फ्रिजवरचा कागद काढून आले. त्या आठवड्यापासून विहीणबाई पुन्हा आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या होऊन घरी येऊ लागल्या.

हे वाचून लगेच पाना घेऊन धावू नका. घरी काय करावे आणि काय करू नये याची रेघ आधी ओढून घ्या. मोजणे, टोके साफ करणे, पट्टा पाहणे हे सगळ्यांनी करावे. ब्रश बदलणे ज्याचा हात बसला आहे त्याने करावे. स्टेटर गुंडाळणे, डायोड प्लेट बदलणे, बेअरिंग दाबून बसवणे कारागिराला द्यावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरच्या जिवावर भरायला सोडू नका, आधी चार्जरवर भरा, नाहीतर नुकताच बरा झालेला माणूस ओझ्याने पुन्हा आजारी पडेल. आणि चालत्या गाडीत लाल दिवा अचानक लागला तर तापमानाच्या काट्याकडे आधी पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. काटा चढत असेल तर पट्टा तुटला आहे असे समजा आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. काटा जागेवर असेल तर पंखा, रेडिओ बंद करून जवळचे गाव गाठा. साठवणीवर तेवढे अंतर जाता येते. रात्री मात्र हेडलाइट ती साठवण लवकर संपवतात.

सुरतेची ही गोष्ट आपल्या भागात सांगायचे आणखी एक कारण. सुरतेजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे मुंबई-पुणे-कोल्हापूर करत निपाणी-बेळगावहून जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत वेदगंगेच्या पाण्याने हाच रस्ता निपाणीजवळ यमगर्णीला बंद पडला होता. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा काठच्या किती घरांच्या गाड्या त्या दिवसांत पाण्यात उभ्या राहिल्या असतील! पाणी ओसरल्यावर आपण गाडीच्या गाद्या उन्हात घालतो, इंजिनाचे तेल बदलतो आणि निश्चिंत होतो. पुराच्या पाण्यात चाके बुडाली असतील तर अल्टरनेटरही एकदा उघडून साफ करून घ्यावा. गाळ घाईत नसतो. तो तीन-चार महिन्यांनी बोलतो आणि तेव्हा पावसाळा कोणाच्या लक्षात नसतो.

शेवटी हातांविषयी. गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू उघडून पाहणाऱ्या हातांनीच पुढे लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. वस्तू उघडून पाहण्याची ही रीत आपल्या मातीतली आहे. तिला भाषेची सीमा नाही. आपल्याकडे मराठी मेस्त्री ज्याला पाना म्हणतो त्याला कन्नड बोलणारा मेस्त्रीही पानाच म्हणतो आणि सुरतेत गुजराती माणूस पानुं म्हणतो. कन्नडमध्ये आपण सगळे ऐकत आलो आहोत, 'कै केसरादरे बायि मोसरु'. हात चिखलात गेला तर तोंडात दही पडते. खाडीच्या चिखलाने काळे झालेले हात धूत असताना मी ती म्हण नातीला शिकवली. तिने लगेच अहिराणी बोलणाऱ्या आजोबांना ती ऐकवली, उच्चार अगदी गुजराती!

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन मिनिटे काढा. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. लाल दिवा लागतो का ते आधी पाहा. मग इंजिन सुरू करून तो विझतो का ते पाहा. दोन्ही झाले तर निर्धास्त निघा. दोन्हींपैकी एकही चुकले तर बॅटरीच्या दुकानात जाण्यापूर्वी मीटर काढा.